तीच सुई

नाव: श्री. अरविंद विठ्ठल पेडणेकर. मूळ राहणार: तालुका कुडाळ. पद: बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी (पुरुष). मुख्यालय: सिल्वासा. कार्यक्षेत्र: दुधनी व पलीकडील पाडे. ओळखीची खूण: डाव्या दंडावर टोचल्याचे बारीक व्रण, संख्या मोजलेली नाही. "सदर कर्मचाऱ्याने सन १९८१ ते १९८७ या कालावधीत दुर्गम भागातील जनतेच्या मनातील सुईविषयीची भीती स्वतःच्या उदाहरणाने दूर करून लसीकरणाचे उद्दिष्ट एकशे चार टक्के पूर्ण केले. हे कार्य त्यांनी अत्यल्प साहित्यात पार पाडले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. सबब त्यांना हे प्रशस्तिपत्र प्रदान करण्यात येत आहे."

हे प्रशस्तिपत्र सिल्वाशाच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत, कॅलेंडरच्या शेजारी टांगलेलं होतं. वरचे चार टक्के कुठून आले, हे देणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. काही माणसं रांगेत दोनदा उभी राहिली होती. एकदा भीत भीत आणि एकदा हौसेने. अत्यल्प साहित्य म्हणजे काय, हेही कोणी विचारलं नव्हतं. ते अरविंदला माहीत होतं. तो त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचा, आणि आपण तसं का बसतो याचा विचार त्याने १९९७ सालापर्यंत केला नव्हता.

तर १९८१च्या पावसाळ्यात करंजपाड्यात पटकी आली. पाडा दुधनीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. चार दिवसांत सहा माणसं गेली. अरविंद तेव्हा एकतीस वर्षांचा. जीप जिथे थांबली तिथून तो दोन तास चिखलातून चालत गेला. पाठीवर लशीची पेटी, हातात स्टीलचा डबा. त्यात काचेच्या दोन सिरिंजा, डझनभर सुया, स्टोव्ह आणि स्पिरिटची बाटली. पाड्यावर पोचला तर चुली पेटलेल्या, कोंबड्या फिरताहेत आणि माणूस एक नाही. सुईवाला येतोय ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. सगळा पाडा रानात पळाला होता. एका ओट्यावर तेवढा एक जण पाय पसरून बसला होता. तो भिका.

"तू नाही पळालास?" अरविंदने विचारलं.

"पाय कापलाय. नायतर मीबी पळालो असतो."

"अरे, लस घेतली तर पटकी होत नाही."

"सुई टोचली की मानूस मरतो. वरच्या पाड्यातला एक मेला."

"तो पटकीने मेला."

"सुई टोचली, मंग मेला. आधी नाय मेला."

तो कॉलेजात एक वर्ष काढून आलेला होता, आणि त्या वर्षात त्याला जे शिकवलं गेलं त्यात हा मुद्दा आलेला नव्हता. त्याने स्टोव्ह पेटवला, सिरिंज आणि सुई उकळून घेतली, बाही वर केली आणि उकळून गार केलेलं पाणी भरून स्वतःच्याच दंडात सुई खुपसली.

भिकाने नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "थांब. आता तू मरतो का बघू."

दोघं ओट्यावर बसून अरविंद मरतो का याची वाट बघू लागले. तासभर गेला. मध्ये भिकाने त्याला नागलीची अर्धी भाकर दिली. मरणाऱ्या माणसाला उपाशी ठेवू नये असा त्यामागे विचार असावा. भाकर संपली तरी पाहुणा जिवंत आहे असं पाहून भिकाने तोंडाशी हात धरून रानाच्या दिशेने हाक दिली. हळूहळू माणसं आली. बायका आल्या, म्हातारे आले, पोरं काखेत आली. भिका सगळ्यांच्या पुढे, दंड उघडा करून.

अरविंदने डब्यातून दुसरी सुई काढली. रांग चार पावलं मागे सरकली.

"ती नको," भिका म्हणाला. "तीच दे. तिने तू मेला नाय."

पुस्तकात लिहिलं होतं, प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र निर्जंतुक सुई वापरावी. ज्या गावी ते पुस्तक लिहिलं गेलं तिथे रांगा मोडत नसाव्यात. अरविंदने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसांकडे. ती माणसं रानात परतायच्या बेताने उभी होती. त्याने तीच सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि भिकाच्या दंडात टोचली. त्या दिवशी त्र्याऐंशी जणांना त्याच एका सुईने टोचलं. करंजपाड्यात त्यानंतर पटकीने कोणी गेलं नाही. अरविंद पेडणेकर चांगला माणूस होता असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांच्यासाठी ही नोंद इथे करून ठेवतो.

पुढे हीच रीत पडली. पाड्यावर गेलं की आधी स्वतःला टोचायचं, मग मरतो का हे बघायला लोकांना वेळ द्यायचा, मग रांग. पटकीची लस असो, धनुर्वाताची असो. सुई बदलली की रांग मोडायची, म्हणून सुई बदलायची नाही. बोथट झाली तर पाटीवर घासून धार लावायची. सहा वर्षांत त्याने एकशे बारा वेळा स्वतःला टोचून घेतलं. "सुईवाला भाऊ" असं त्याला नाव पडलं. तो दिसला की माणसं पळेनाशी झाली. उलट डोकं दुखलं तरी दंड पुढे करू लागली.

१९९३ साली अरविंदला थकवा यायला लागला. सायकल मारताना मांड्या भरून यायच्या. डोळ्यांत पिवळेपणा दिसला तसा तो मुंबईला एका मोठ्या इस्पितळात गेला. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: हिपॅटायटिस सी. रक्तातून पसरतो, यकृत हळूहळू खातो. या विषाणूला नाव मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. अरविंदच्या अंगात तो बहुधा त्याच्या कितीतरी आधीपासून बिननावाचा राहत होता.

"कशामुळे झालं असेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"कल्पना नाही," अरविंद म्हणाला. ते एक गणित होतं आणि त्याला ते येत होतं. त्याने ते मांडलं नाही, एवढंच.

१९९५ साली त्याने पहिला उपचार घेतला. इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा महिने. बाटल्या वापीहून थर्मासमध्ये बर्फ घालून आणायच्या, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये त्यांच्या आमरसाशेजारी ठेवायच्या. टोचायचं त्याचं त्यानेच; हाताला सवय होती. टोचलं की चार तासांनी हुडहुडी भरायची, अंग मोडून ताप यायचा. केस विरळ झाले. हे सगळं डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं. मन खचू शकतं, हेही सांगितलं होतं, पण ते यादीत अकराव्या क्रमांकावर, तोंड कोरडं पडण्याच्या खाली होतं.

तिसऱ्या महिन्यापासून अरविंद बोलेनासा झाला. ऑफिसातून आला की मागच्या पायरीवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसायचा. त्याची बायको शैलजा मराठी शाळेत शिक्षिका होती. वह्या तपासत ती दारातून त्याच्याकडे बघत राहायची. पाचव्या महिन्यात एका रविवारी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून मुलीला, अश्विनीला दिलं. ती सातवीत होती. "असू दे तुला," म्हणाला, "मला आता नाही लागणार." अश्विनी खूश झाली. शैलजाने वह्या बाजूला ठेवल्या. त्या दिवसापासून इंजेक्शनं संपेपर्यंत तिने त्याला एकटं सोडलं नाही. तो पायरीवर बसला की तीही शेजारी जाऊन बसायची, आणि दोघं पाण्याच्या टाकीकडे बघायची. याबद्दल त्यांच्यात कधीही बोलणं झालं नाही.

उपचार संपला तेव्हा रक्ताचे आकडे उत्तम होते. दोन महिन्यांनी ते पहिल्यापेक्षा वाईट झाले. विषाणू गेला नव्हता, सहा महिने आडोशाला बसला होता.

जानेवारी १९९७मध्ये इस्पितळातून जाड लिफाफा आला. ज्यांचा आजार इंटरफेरॉननंतर उलटला अशा रुग्णांसाठी नव्या उपचाराची चाचणी सुरू होत होती. तीच इंजेक्शनं, तेच सहा महिने, आणि सोबत एक नवी कॅप्सूल. सगळं फुकट. नाव नोंदवायची मुदत ३० एप्रिल. संमतिपत्र मराठीत होतं, म्हणजे निदान लिपी मराठी होती: "अभ्यासातील अर्ध्या सहभागींना औषधयुक्त व अर्ध्यांना निरौषध कॅप्सूल देण्यात येईल. कोणास काय मिळत आहे हे सहभागी, परिचारिका अथवा डॉक्टर यांपैकी कोणासही ज्ञात असणार नाही."

अरविंदने ते तीनदा वाचलं. "हे आपल्या ऑफिससारखंच आहे," तो म्हणाला.

शैलजा हसली नाही. ती भाजी निवडत होती. "सहा महिने?"

"सहा महिने."

"मला माहीत आहेत ते सहा महिने. मी मोजलेत."

"या वेळी बरोबर कॅप्सूल आहे."

"असेल. नाहीतर पिठाची असेल. तेच लिहिलंय ना?"

"नाही घेतलं तर डॉक्टर म्हणतात पाच-सात वर्षं. मग पोटात पाणी व्हायला लागतं."

शैलजाने मेथीची जुडी ताटात ठेवली. "तुमचं पोट फुगलेलं मी बघीन, अहो. तुमचं सगळं करीन. पण ते मागचं मला परत बघवणार नाही. रोज शाळेतून घरी येताना कोपऱ्यावर आले की माझे पाय थांबायचे. घरात काय असेल म्हणून." ती पुन्हा जुडी उचलून पानं खुडायला लागली. "आता तुम्ही ठरवा. मी नाही म्हटलं आणि तुम्ही गेलात, तर ते माझ्या माथी. हो म्हटलं आणि गेलात, तरी माझ्याच."

अरविंदने संमतिपत्राची घडी घालून ते लिफाफ्यात परत ठेवलं.

लिफाफ्यात एक चार पानी फॉर्म होता. प्रश्न क्रमांक चौदा: संसर्गाचा संभाव्य स्रोत. अरविंद सगळे रकाने भरत चौदापर्यंत आला आणि थांबला. दोन दिवस फॉर्म तिथेच उघडा पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने ते गणित मांडलं. रांगेत कोणाच्या तरी रक्तात तो विषाणू असणार, कारण तो कुठूनतरी आला. सुई त्याच्यापासून निघायची, त्र्याऐंशी दंडांतून जायची आणि पुढच्या खेपेला परत त्याच्यापासून निघायची. त्याला तो लोकांकडून मिळाला की लोकांना त्याच्याकडून, हे कळायला मार्ग नव्हता. एवढं मात्र कळत होतं की एकट्याला मिळणं शक्य नव्हतं.

फेब्रुवारीत तो करंजपाड्याला गेला. कागदोपत्री तो दर महिन्याला जात होता. गेली सहा वर्षं त्याचा दौरा सिल्वाशात टेबलावर बसून होत होता, आणि मासिक अहवालात "कावीळ" या रकान्यापुढे तो "निरंक" असं सुवाच्य अक्षरात लिहीत होता. आता दुधनीपासून पुढे होडीने जावं लागायचं. धरणाचं पाणी भरल्यावर जुनी वाट खाली गेली होती.

भिका त्याच ओट्यावर बसलेला होता. पाय पसरलेले, हात काटक्यांसारखे, डोळे हळदीसारखे, आणि पोट मडक्यासारखं तट्ट. त्याची बायको पुतळाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"सुईवाला भाऊ आला," ती भिकाला म्हणाली. मग अरविंदला, "लई दिसांनी. आमाला वाटलं मेलास."

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून. लोक म्हनतात दारूने झालं. यो तर घेतच नाय. पाड्यात एकटाच नाय घ्यायचा. घेतात ते फिरतात."

"आणखी कोणाला असं?"

"माझा दीर गेला असाच. दोन वरसं झाली. त्याच्याआधी वरच्या घरची वाळू." तिने थोडा विचार केला. "आनि तिची पोरगी पिवळी हाय."

अरविंद ओट्यावर बसला. निरंक, निरंक, निरंक. एकामागोमाग एक महिने त्याच्या डोळ्यांसमोरून गेले.

भिकाने मान वळवली. "भाऊ, ती सुई हाय का अजून?"

"नाही रे."

"मंग दुसरी दे. दुसरीबी चालंल."

पंधरा वर्षांत पाड्याने केलेली ही प्रगती आरोग्य शिक्षणाच्या कोणत्याही अहवालात नोंदली गेलेली नाही. अरविंदने त्याला समजावलं, या दुखण्याला सुई नाही. रक्त तेवढं घेतो, मुंबईला दाखवतो. त्याने पिशवीतून एकदाच वापरायची सिरिंज काढली, कागदी वेष्टण फाडलं. भिकाने दंड पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"आधी तुला."

"काय?"

"आधी तुला टोच. तसंच असतं ना?" भिकाच्या तोंडावर हसू होतं. त्याला ती जुनी गंमत आठवली होती.

अरविंदने बाही वर केली. नवी सुई आपल्या दंडात टोचली, काढली, बाजूला टाकली. मग दुसरं वेष्टण फाडलं.

"बदलली?" भिकाने विचारलं.

"बदलली."

"का?"

"आता नियम आहे."

"तवा नव्हता?"

पुतळाबाईने सूप पुन्हा उचललं होतं. तिचेही हात थांबले. अरविंदने भिकाच्या दंडाला रबरी नळी बांधली, शीर चाचपली. ती सहज सापडत नव्हती.

"तेव्हापण होता," तो म्हणाला.

भिकाने दंड मागे घेतला नाही. रक्त काळपट होतं. अरविंदने ते नळीत घालून बूच लावलं आणि थर्मासमध्ये बर्फात ठेवलं. थर्मास इंटरफेरॉनचाच होता. निघताना पुतळाबाईने त्याला पिशवीभर वाल दिले.

मुंबईच्या इस्पितळात चाचणीचं काम डॉक्टर अलका बघत होती. पस्तिशीची, बोलायला सरळ आणि कायम घाईत. तिने भिकाचं रक्त नियमात बसत नसताना तपासून दिलं, आणि आठवड्याने अरविंद परत गेला तेव्हा कागद त्याच्यासमोर ठेवला. हिपॅटायटिस सी.

"याला चाचणीत घ्या," अरविंद म्हणाला. "माझ्या जागी घ्या."

"नाही घेता येत. आधी इंटरफेरॉन घेतलेलं असायला हवं."

"ते दुधनीच्या पलीकडे मिळत नाही."

"माहीत आहे मला, पेडणेकर. शिवाय पोटात पाणी झालेलं आहे म्हणताय. त्याला ही इंजेक्शनं दिली तर महिन्याभरात जाईल. तुम्ही जागा सोडलीत तर पुण्याच्या एका माणसाला मिळेल, बस." तिने त्याचा फॉर्म पुढे ओढला. "चौदा का रिकामा?"

अरविंदने सांगितलं. पटकी, ओटा, भाकर, तीच सुई, एकशे बारा वेळा. अलकाने मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर तिने फॉर्मवरचे पर्याय वाचले. "रक्त चढवलं, शस्त्रक्रिया, नशेची इंजेक्शनं, कामाच्या जागी सुई लागणं, अज्ञात. कामाच्या जागी, असं लिहू?"

"तसं लिहिलं तर मला लागली असा अर्थ होतो."

"मग?"

"मी लावली, हे कुठे लिहायचं?"

अलकाने फॉर्म उलटून पाहिला. "त्याला रकाना नाही," ती म्हणाली. "हा घेणाऱ्याचा फॉर्म आहे." मग पेन खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या ऑफिसला लिहा. पाड्यातल्या सगळ्यांची रक्तं तपासायला हवीत. पोरीपासून सुरुवात करा. चौदा मी तूर्त मोकळा ठेवते."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भिका गेला. त्या महिन्याच्या अहवालात अरविंदने करंजपाड्यापुढे "कावीळ" या रकान्यात "१" लिहिलं, आणि सोबत दोन पानी टिपण जोडलं. टिपणात सुईचं सगळं होतं, तारखांसकट. शेवटी विनंती होती की पाड्यातील सर्व रहिवाशांचे रक्त तपासावे, आणि हे काम आपल्यावर सोपवावे.

या शेवटच्या ओळीत त्याचा निर्णय अडकला होता. शैलजाला त्याने तसं सांगितलं. "तपासणी मंजूर झाली तर मला इंजेक्शनं घेता येणार नाहीत. अंगात ताप घेऊन दोन तास डोंगर चढवत नाही. आणि ते लोक दुसऱ्या कोणाला रक्त काढू देणार नाहीत. आधी स्वतःला टोचून घेणारा दुसरा कोण मिळणार?"

"आणि मंजूर नाही झाली तर?"

"तर मग नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण उरत नाही."

टिपण साहेबांच्या टेबलावर गेलं. साहेब वाईट नव्हते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ऑफिसातल्या मंडळींनी एकमेकांना सांभाळून घ्यावं असं त्यांचं मत होतं. त्यांनी अरविंदला बोलावून दार लोटून घेतलं.

"पेडणेकर, हे वर पाठवलं तर पहिली चौकशी कोणाची होईल?"

"माझी."

"आणि रक्त कोणाचं तपासतील?"

साहेबांनी टिपण टेबलावर उपडं ठेवलं.

"कोणाचंच नाही. आणि तुम्ही आजारी माणूस. मी हे फाडतो, तुम्ही त्या रकान्यात निरंक लिहा, घरी जाऊन पडा."

"पाठवा साहेब."

"विचार करा."

"पंधरा वर्षं केला नाही, सर. आता पाठवा."

साहेबांनी पाठवलं. नंतरचे तीन आठवडे अरविंद दररोज आवकच्या टेबलापाशी चक्कर मारायचा. तिथला क्लार्क त्याला लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा. याच दिवसांत शैलजाला तो पूर्वीसारखा वाटला. जेवताना बोलायचा. रक्त ठेवायला किती नळ्या लागतील, बर्फ कुठून न्यायचा, होडीवाल्याला कोणत्या दिवशी सांगायचं, असलं काहीबाही. वाळूच्या पोरीचं वय किती असेल याचा अंदाज करायचा. एकदा तर त्याने मांडणीवरचा थर्मास काढून धुऊन उन्हात उपडा घातला.

बावीस एप्रिलला उत्तर आलं. "संदर्भीय टिपणाचे अवलोकन केले. विषयांकित पाड्यातून सन १९८१ ते फेब्रुवारी १९९७ या कालावधीत काविळीचा अहवाल सातत्याने निरंक आहे. सदर अहवाल आपल्याच स्वाक्षरीचे असल्याने त्यांवर अविश्वास दाखविण्यास कारण दिसत नाही. मार्च महिन्यातील एक नोंद अपवादात्मक समजण्यात यावी. सबब रक्ततपासणीची आवश्यकता नसून प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

चौकशीसुद्धा झाली नाही. अरविंदवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

घरी येऊन तो मागच्या पायरीवर बसला. शैलजा शाळेतून आली, कोपऱ्यावर तिचे पाय थांबले असतील तर तिने सांगितलं नाही. पर्स न ठेवताच ती त्याच्या शेजारी बसली. त्याने कागद दिला. तिने वाचला, घडी घातली.

"मी नाही घेतलं तर कोणाचं भलं होत नाही," तो म्हणाला. "घेतलं तरी कोणाचं वाईट होत नाही. मी मेलो तर निदान फिट्टंफाट होईल असं वाटायचं. तेही होत नाही. पुण्याच्या माणसाला जागा मिळते."

"तुम्हाला जगायचंय का, ते सांगा."

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण मरायचं ठरवायलाही काहीतरी हक्क लागतो असं वाटतं. भिकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, थांब, बघू मरतो का."

शैलजाने हात पुढे केला. "घड्याळ द्या."

"काय?"

"घड्याळ माझ्याकडे द्या. आत्ताच. म्हणजे नंतर कोणाला द्यायला उरणार नाही. सहा महिन्यांनी परत देईन."

घड्याळ अश्विनीकडून त्याच्याकडे कधीच परत आलेलं होतं. पोरीने ते एके दिवशी आपण होऊन टेबलावर आणून ठेवलं होतं. त्याने ते काढून दिलं. शैलजाने ते आपल्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होता, कोपरापर्यंत घसरला.

अठ्ठावीस एप्रिलला तो मुंबईला गेला. डॉक्टर अलकाने फॉर्म काढला. चौदा क्रमांक अजून मोकळा होता.

"ऑफिसचं काय झालं?"

त्याने पत्र पुढे केलं. तिने ते वाचून परत दिलं. "काय लिहू?"

"कोणी कोणाला दिला ते मला माहीत नाही," अरविंद म्हणाला. "अज्ञात लिहा."

तिने लिहिलं. त्याने सही केली. अक्षर मासिक अहवालातल्यासारखंच सुवाच्य आलं. वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

परिचारिकेने पहिलं इंजेक्शन आणलं. वेष्टणातली नवी सुई, कापूस, स्पिरिट. "मी देते," ती म्हणाली.

"द्या इकडे," अरविंद म्हणाला. त्याने बाही वर केली आणि दंडात टोचलं. मग सवयीने मागे वळून पाहिलं. रांग नव्हती. भिंतीला टेकून एक रिकामं बाक होतं आणि त्यावर कोणाचीतरी विसरलेली छत्री. परिचारिकेने सुई त्याच्या हातातून काढून घेतली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि त्याला निळ्या कॅप्सूलची बाटली दिली. आत औषध होतं की पीठ, हे तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर कागदोपत्री त्याची ओळख बदलली. सहभागी क्रमांक: ४१. लिंग: पुरुष. वय: ४७. पूर्वोपचार: इंटरफेरॉन, सहा महिने, आजार उलटला. संसर्गाचा स्रोत: अज्ञात. सहकार्य: समाधानकारक.

करंजपाड्यात भिकाखेरीज कोणाचंही रक्त तपासलं गेलं नाही.